दाराच्या रेलमधली चार भोकं

"आजोबा, हात. फक्त हात. डोन्ट मूव्ह!"

जयप्रकाशराव नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावच्या ओल्या फरसबंदीवर गुडघे टेकून बसले होते आणि त्यांची अकरा वर्षांची नात ईशानी त्यांच्या हातांवर फोन रोखून उभी होती. समोर शेजारच्या हेंकची पांढरी जपानी व्हॅन. पुढे नाक नाही, इंजिन सीटखाली, आकार डबीएवढा. हेंक लोकांच्या बागा राखतो. गवत कापायची यंत्रं, कुंड्या, मातीची पोती, सगळं त्या डबीत मावतं. सरकत्या दाराच्या खालच्या रेलमध्ये बोटभर लांबीची चार भोकं होती आणि त्यांतल्या एकावर आजोबांनी बोट ठेवावं, असा दिग्दर्शिकेचा हुकूम होता.

हेंकने दार एका बोटाने सरकवलं. "वीस वर्षं माती वाहतोय, अजून अडकलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "ज्याला हे सुचलं त्याने स्वतः चिखलात हात घातले असणार."

जयप्रकाशराव कौतुक करून घेतल्यासारखे हसले. मग त्यांचं लक्ष आपल्याच हातांकडे गेलं. चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेले हात. पेन्सिलच्या शिशापलीकडे त्यांना कधी काही लागलं नव्हतं.

शुक्रवारी ईशानीचं स्प्रेकबर्ट होतं. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला कधी ना कधी वर्गासमोर उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं लागतं. बाकीची मुलं घोडे घेतात, हॅमस्टर घेतात. ईशानीने छोट्या जपानी व्हॅन घेतल्या होत्या. भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर तिने त्या ओळीने काढल्या होत्या: तीनशे साठ सीसीची पहिली, मग साडेपाचशेची, मग सहाशे साठची, दर पिढीत वीतभर वाढत गेलेली. आणि मधोमध लाल अक्षरांत डचमध्ये लिहिलं होतं, 'हे दार माझ्या ओपाने सुधारलं.' ओपा म्हणजे आजोबा.

ही गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. पुण्याच्या कारखान्यात जपानहून व्हॅनची ड्रॉइंगं आली. तिथले रस्ते स्वच्छ. आपल्याकडे चिखल रेलमध्ये भरायचा, वाळून दगड व्हायचा आणि दार अर्ध्यावर अडकायचं. जयप्रकाश साहेबांनी रेलच्या तळाला भोकं सुचवली, दाराच्या चाकाने ढकललेली माती खाली पडून जाऊ लागली. जपान्यांनी ती भोकं स्वतःच्या गाड्यांनाही घेतली आणि साहेबांना सहा आठवडे जपानला नेलं. एवढ्या गोष्टीत खोटं एकच होतं. भोकं साहेबांनी सुचवली नव्हती.

ती अरुणने पाडली होती. अरुण फिटर. जपान्यांनी कारखान्यात सूचनापत्राची पद्धत आणली होती. कुणीही कामगार सुधारणा सुचवू शकायचा, फक्त कागद इंग्रजीत हवा आणि सोबत नीट आकृती हवी. अरुण ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी हात पुसत उभा राहिला होता. "साहेब, तेवढं लिहून देता का? रेलला चार भोकं हाणलीत, दार पळतंय. पण आपल्याला ते चित्र जमत नाय."

साहेबांनी चित्र मन लावून काढलं. देखणं काढलं. खाली 'आकृती काढणार' म्हणून सही केली, इथवर सगळं ठीक होतं. मग 'सुचवणार' असा रकाना आला. तिथे हात सवयीने गेला, असं ते पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिले. हात सवयीने गेला नव्हता.

जपानहून येताना त्यांनी अरुणसाठी नेलकटर आणलं होतं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, "लई भारी, साहेब," म्हणाला आणि पुन्हा मशीनकडे वळला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ईशानीने पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर पसरला. "आजोबा, युफ म्हणते, माहिती कुठून मिळाली ते लिहायलाच लागतं. सोर्स. मी तुमचं नाव लिहिलंय. स्पेलिंग बरोबर आहे ना?" युफ म्हणजे तिच्या वर्गाच्या बाई.

तळाशी त्यांचं नाव होतं, आडनावासकट, सुबक. जयप्रकाशराव ते बघत राहिले. आणि मग, का कोण जाणे, चाळीस वर्षांत बायकोलाही जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीला सांगून टाकलं.

ओट्याशी कोथिंबीर निवडणारी त्यांची मुलगी निशिगंधा थांबली. "बाबा, माझ्या लग्नात यतीनच्या घरच्यांना मी ही गोष्ट सांगितली होती," ती हळूच म्हणाली. "केवढ्या अभिमानाने."

"मी तिथेच होतो," जयप्रकाशराव म्हणाले.

ईशानी विचार करत होती. "दॅट्स स्टीलिंग, आजोबा."

"हो."

"ओके." तिने खोडायची पांढरी फीत काढली आणि 'ओपा'वरून सरळ फिरवली. "काय नाव त्यांचं?"

"अरुण."

"अरुण व्हॉट? पूर्ण नाव पाहिजे."

जयप्रकाशराव आठवू लागले. बिल्ला नंबर चारशे बारा, हे आठवत होतं. डाव्या करंगळीला नख नव्हतं, हे आठवत होतं. साहेबांच्या टेबलावर आडनावाची पाटी असायची. फिटर नुसताच अरुण असायचा. एकाच कारखान्यात एकत्र काढलेल्या बावीस वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पुण्याला संजीवला फोन लावला. तो तेव्हा कारखान्याचा हजेरीपट सांभाळायचा. "दारवाला अरुण ना?" संजीव म्हणाला. "शेड बंद झाल्यावर गेला कुठेतरी. आडनाव... अहो, सगळे अरुणच म्हणायचे त्याला. पण आज कशाला हवंय?"

"सहज," जयप्रकाशराव म्हणाले. आपण पुन्हा खोटं बोललो, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मग जागा सोडू या," ईशानी म्हणाली. "तुम्ही लाइन काढा. माझी वाकडी येते." त्यांनी फूटपट्टी लावली आणि अरुणच्या नावापुढे रेघ मारून दिली. मग त्यांनी विचारलं, "मी शुक्रवारी नाही आलो तर चालेल ना गं?"

"नो! तुम्ही सोर्स आहात."

शुक्रवारी वर्गाच्या मागच्या बाजूला, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर जयप्रकाशराव गुडघे छातीशी घेऊन बसले. ईशानी भराभर डचमध्ये बोलत होती. त्यांना त्यातले दोनच शब्द कळत होते. 'अरुण' बऱ्याचदा येत होता. 'ओपा' एकदाच आला, आणि वर्गातली सव्वीस तोंडं मागे वळली. तिने काय सांगितलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. मान खाली घालावी असं फार वाटलं, पण ती मुलं बघत होती, म्हणून ते समोर पुठ्ठ्याकडे बघत राहिले. तिथे लाल अक्षरांत अरुण होता आणि त्याच्यापुढे चार बोटं लांबीची रेघ होती. अगदी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.