वितळण्याचं काम

माझ्या अंगाला एक इवलीशी पारदर्शक खिडकी आहे. उजेडासमोर धरलं तर तिच्यातून आतली पट्टी दिसते. पट्टी वळणदार आहे, दोऱ्याएवढी जाड आहे आणि मधोमध तुटलेली आहे. तुटलेल्या दोन्ही टोकांना मोहरीहून लहान असा धातूचा एकेक थेंब गोठून बसला आहे. मधली फट नखाच्या कडेएवढीच. माझं सगळं आयुष्य त्या फटीत मावतं, मित्रांनो. मी एका लाँचवरचा लाल रंगाचा, दहा अँपिअरचा फ्यूज आहे. जळालेला.

कारखान्यात माझ्यासोबत माझी पुष्कळ भावंडं जन्मली. निळी, पिवळी, हिरवी. कुणी किती सोसायचं हे आमच्या जन्मापासूनच ठरलेलं असतं आणि ते रंगावरून ओळखायचं. मी दहापर्यंत सोसायचं. त्याच्या बरंच वर कुणी मागितलं तर वितळायचं. वाद घालायचा नाही, वाट पाहायची नाही.

मला निवडलं ते लाँचच्या मालकाने. घरात दोघे भाऊ, त्यातला हा थोरला. खाडीच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं पोचवायचा त्यांचा धंदा. लाकडी लाँच कितीही चांगली असली तरी तिच्या तळात थोडं थोडं पाणी साचतंच. ते उपसायला थोरल्याने बॅटरीवर चालणारा नवा पंप आणला होता. फळ्या उचलून तो वायर ओढत होता आणि त्याची बायको टॉर्च धरून बसली होती.

"टॉर्च सरळ धर ना."

"सरळच आहे. तुमचंच डोकं मध्ये येतंय."

"बरं, ऐक. पंप सहा अँपिअर खातो. ही वायर पंधरापर्यंत सोसेल. म्हणून फ्यूज दहाचा."

"तीसचा लावला तर जास्त टिकेल की."

"फ्यूज टिकेल गं, वायर जळेल. फ्यूज वायरला सांभाळायला असतो."

"आणि पंपाला कोण सांभाळणार?"

"पंपाला मी. आणि मला तू."

"म्हणजे मला कुणीच नाही!"

दोघेही हसले. मग त्याने मला बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवलं. तिने विचारलं, "पंपाजवळ का नाही? तिथे हात तरी पोचतो." तो म्हणाला, "मग बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर पोरकी राहील ना. तिला मध्येच काही झालं तर कुणाला कळणार?"

त्या जागेवर मी बरीच वर्षं काढली. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू व्हायचा, माझ्यातून वीज जायची, मी कोमट व्हायचो. पाणी संपलं की निवायचो. माझं कौतुक कुणी केलं नाही, पण थोरला दर महिन्याला मला काढून, पुसून परत बसवायचा. त्याच्या अंगठ्याचा दाब मला ओळखीचा झाला होता.

मग एका आजारपणात तो गेला.

लाँच धाकट्याकडे आली. धाकट्याचा हात सुकाणूवर असा बसलेला की तो धक्क्याला लाँच लावायचा तेव्हा उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही. वायरींशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. वहिनी तिकिटं फाडायच्या आणि दोराही टाकायच्या. मला पुसायला कुणी येईना. खारी हवा वायरीच्या टोकांतून आत शिरली आणि आतलं तांबं हळूहळू काळं, मग हिरवट होत गेलं.

एका दुपारी नायलॉनच्या दोरीचे धागे पंपात अडकले. पंप जागच्या जागी थरथरू लागला आणि वीज मागतच सुटला. बारा, पंधरा, वीस. मी माझं काम केलं. वितळलो.

धाकट्याने मला उपटून खिडकीतून पाहिलं. "फ्यूज कसला, फुसका आहे हा!" म्हणाला आणि डब्यातला तीसचा हिरवा माझ्या जागी ठोकला. पंप घुरघुरला, त्याने जोर लावला, धागे तुटले, पाणी धो धो बाहेर पडू लागलं.

"बघितलंत वहिनी? याला म्हणतात दम!"

"भाऊजी, तिथे दहाचाच लागतो. हे सांगायचे मला."

"दहाचा जळाला ना? मग?"

मला त्याने बॅटरीच्या शेजारच्या फळीवर, नटबोल्टांच्या वाटीत टाकलं. मित्रांनो, फेकून दिल्याचं दुःख मी गिळलं. पण वाटीतून मला वायर दिसत होती. पंप अडखळला की ती तापायची, तिचं आवरण मऊ पडायचं, चिकट वास यायचा. आणि हिरवा आपल्या जागी शांत बसलेला असायचा. त्याचा तरी काय दोष? त्याला तीस सोसायला घडवलं होतं.

वास वहिनींना आला. त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने वायरीचं टोक सोललं आणि तोंड वाकडं केलं. "ही तांब्याची वायर आहे की मेंदीची? सगळी बदलायला हवी. लाँच पाण्यातून वर काढा, आठवडाभर तरी लागेल."

"बघू," धाकटा म्हणाला.

हा 'बघू' फार लांबला. आधी गर्दीचे दिवस होते, मग इंजिनाचं काम निघालं, मग त्याचे गुडघे दुखू लागले. खरं कारण वहिनींना ठाऊक होतं आणि मलाही. लाँचला थोरल्याने केलेला रंग दोनदा बदलून झाला होता, बाकंही बदलली होती. थोरल्याच्या हातचं असं आता ही वायरच काय ती उरली होती. धाकटा कधी कधी एकटा असताना फळी उचलायचा आणि भावाने मारलेल्या गाठींवरून नुसतं बोट फिरवायचा.

त्या दिवशी लाँच भरलेली होती. खाडीच्या मध्यावर पंप पुन्हा अडकला. फळ्यांच्या फटीतून आधी धुराची एक बारीक रेघ आली, मग दाट धूर. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो, खालून काहीतरी जळतंय." लेकरं रडू लागली. वहिनींनी तिकिटं टाकली, गुडघ्यावर बसून बॅटरीचा मोठा स्विच फिरवला आणि ओरडल्या, "कुणी उठायचं नाही! लाँच कलंडेल. बादली घ्या आणि पाणी उपसा!"

माणसं बसल्या बसल्या बादल्या फिरवू लागली. धाकट्याने इंजिन तसंच रेटलं. धक्क्याला लाँच त्याने लावली, पण या वेळी ती आपटली.

सगळी माणसं उतरल्यावर वायरमन आला. त्याने फळी उचलली. वायरीचं आवरण गळून पडलं होतं. खालचं लाकूड कोळशासारखं काळं झालं होतं आणि तिथून डिझेलची नळी बोटभरच दूर होती. वायरमनने हिरवा फ्यूज काढून धाकट्याच्या हातावर ठेवला.

हिरव्याला काहीच झालं नव्हतं. त्याची पट्टी अख्खी होती, चकचकीत.

मित्रांनो, वेळेवर तुटणाऱ्याला माणसं कमकुवत समजतात. तुमच्या घरातही माझी भावंडं असतील. त्यातलं एखादं जळालं तर चिडू नका, त्याच्या जागी दांडगा गडी बसवू नका. आधी विचारा, हे कशामुळे जळालं? आणि याच्या मागची वायर किती सोसते? आम्हाला वाचवायला जाऊ नका. आम्ही त्यासाठी नसतोच.

धाकटा त्या काळ्या लाकडाजवळ खाली बसला. वहिनी त्याच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या हातांना काजळी लागली होती.

"ही वायर काढली की दादाचं काय उरतं हो, वहिनी?"

"ते असते ना भाऊजी, तर हे तांबं बघून त्यांनीच कधीची उपटली असती. आणि वर तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

तो कसनुसा हसला. मग त्याने नाक पुसलं, हिरवा फ्यूज वायरमनला परत दिला आणि धक्क्यावर थांबलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"उद्यापासून लाँच बंद. वर काढू. दादाची वायर मी काढतो, माझ्या हाताने."