धुळ्याचा देवचंद

देवचंदला मी जन्माला घातलं, हे आधीच कबूल करून टाकतो. तो दिसायला कसा होता ते विचारू नका, कारण तो नव्हताच.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. पिंप्राळ्यात माझं दोन कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि डोक्यात एकच खूळ, इंटरनेटवर लिलाव. जुनी वस्तू साइटवर टाकायची, आठवडाभर बोली लावायची, ज्याची चढी त्याची वस्तू. लोक हसले. घरात कॉम्प्युटर कोणाकडे होता? मग मी एक जुगाड केलं. दर शनिवारी वस्तूंची यादी छापून एसटीने चोपडा, एरंडोल, धुळ्याच्या एसटीडी बूथवर पाठवायची. लोक बूथवरून बोली सांगत, मी ती साइटवर चढवी आणि चढी बोली कोणाची ते बूथवर कळवी. पहिल्या महिन्यात सहा वस्तू होत्या, दिवाळीपर्यंत दोनशे झाल्या.

पण निम्म्या वस्तूंना एकच बोली. त्यात पुण्याचा एक माणूस पैसे घालायला तयार झाला, म्हणाला, आधी महिनाभर साइट बघतो. रिकामा बाजार कोण विकत घेणार? म्हणून मी देवचंद उभा केला, राहणार धुळे. कुठे बोली थंडावली की देवचंद पन्नास रुपये वर जायचा. वस्तू त्याच्या गळ्यात पडू नये एवढी काळजी मी घ्यायचो. माझ्या बाजारातलं सगळ्यात हौशी गिऱ्हाईक मीच होतो, सांगायलाही लाज वाटते.

एके दिवशी एरंडोलहून बैलाची घुंगरमाळ आली. चोपड्याच्या बूथवरून शंभराची बोली लागली, दुसरी एकही नाही. देवचंद दीडशेवर गेला. चोपडा दोनशे. मला चेव आला. आठ दिवसांत चोपड्याच्या माणसाने ती माळ नऊशेला घेतली.

माळ न्यायला तो स्वतः आला. लोटन आबा, पांढरं धोतर, खांद्यावर मोठा रुमाल. उभी हयात गुरांच्या बाजारात दलाली केलेली. दहा वर्षांपूर्वी आपली बैलजोडी विकताना माळही गेली होती, ती यादीत ओळखली म्हणे. पैसे टेबलावर ठेवले, माळ छातीशी धरली आणि म्हणाला, "भाऊ, त्या देवचंदभाऊना पत्ता दे माले."

"कशाला, आबा?"

"त्याले च्या पाजना शे."

मग त्याने मला समजावलं. त्यांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. हातात हात, बोटं दाबून भाव, एका बोटाचे शंभर. ज्याचा सौदा हुकला त्याला घेणाऱ्याने चहा पाजायचा, म्हणजे मनात अढी राहत नाही. "नऊशेलगून भिडना तो. त्याना जीव अडकेल व्हई ह्या माळमा. एक डाव वाजाडी दखाडसू त्याले."

तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी पुण्याचा फोन यायचा होता. मी म्हणालो, "धुळ्याला गल्ली नंबर चार." ब्याद टळली एकदाची, असंच वाटलं मला. असा माणूस होतो मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा पुन्हा दारात. चपला धुळीने माखलेल्या, माळ पिशवीत. दुकानात चार गिऱ्हाईकं बसली होती.

"मनीच चूक शे भाऊ, गल्ली मी इसरी गऊ," तो ओशाळून म्हणाला. "चारमा कोनी देवचंद नही. मंग बठ्ठ्या गल्ल्या फिरनू, एक बी सोडी नही. तू कागदवर लिखी दे, मी परत जास."

त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढून पुढे केला. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. लाजेने माझे कान तापले. चार जणांसमोर बोलायची सोय नव्हती. मी त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली माझा हात घातला.

आबाला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. मग मी त्याचं एक बोट धरून दाबलं. एकच.

"हाऊ काय?"

"खरा भाव, आबा," मी हळूच म्हणालो. "तुमच्यावर दुसरी बोली नव्हतीच."

रुमालाखाली त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी दुसऱ्या हाताने गल्ला उघडून आठशे रुपये काढले.

"ठेव," तो म्हणाला. "बोली मी दिधी, मी पाळसू."

"आबा, माफ करा."

त्याने रुमाल काढून झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला. पिशवी उचलली, तशी आतली माळ वाजली. मला वाटलं, गेला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दारात तो थांबला. बाजारात हाक मारावी तशा खड्या आवाजात म्हणाला, "चाल देवचंदभाऊ, च्या पेवाले."

मी उठलो. चारही गिऱ्हाइकांनी मान वर करून पाहिलं, कारण माझं नाव बन्सीलाल आहे हे पिंप्राळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.