बोट ठेवशील तिथं

आईचं शिलाई मशीन आता माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. ती जाऊन चार महिने झाले. मशीनवर मी वर्तमानपत्रं ठेवते. हे तिनं पाहिलं असतं, तर वर्तमानपत्रांसकट मला घराबाहेर काढलं असतं.

आई घराच्या पुढच्या खोलीत बायकामुलींचे कपडे शिवायची. तिची एक पद्धत होती. एखादी मुलगी आपल्या आईबरोबर आली, की त्या बाईंना ती पडद्याबाहेर बसवायची. मग मुलीच्या अंगावर कच्चं टाचलेलं कापड चढवून विचारायची, "गळा कुठवर? बोट ठेव." मुलगी बोट ठेवेल तिथं खडूची खूण. खूण वर गेली म्हणून रुसणाऱ्या आया होत्या, खाली गेली म्हणून भांडणाऱ्याही होत्या. आई दोघींनाही एकच ऐकवायची, "अंग तिचं आहे ताई, तुम्ही बटणं निवडा." गिऱ्हाइकं तुटली, पण खूण कधी हलली नाही.

हे सगळं मला पाठ होतं आणि तरीही मी ते केलं.

माझी मुलगी अकरा वर्षांची. मशीनमधल्या गरगर फिरणाऱ्या दोऱ्याच्या रिळासारखी एका जागी थांबत नाही म्हणून आजीनं तिचं नाव बॉबिन ठेवलेलं. शाळेच्या कार्यक्रमात तिचा नाच बसला आणि तोही पहिल्या रांगेत. गाणं असं, की त्यातली बाई दुकानातल्या मालासारखी स्वतःची जाहिरात करते. ते बसमध्ये वाजतं, दातांच्या दवाखान्यात वाजतं, त्यापासून सुटका नाही. त्यावर एकवीस मुलींनी कंबर हलवून, ओठ दाताखाली धरून डोळा मारायचा.

मी डान्सच्या मॅडमना भेटायला गेले.

"मॅडम, अकरा वर्षांच्या आहेत या."

"म्हणून तर गोड दिसतात! अहो, सगळे हेच बघतात. तुम्ही लायब्ररीत असता ना? तिथं फार शांतता असते, म्हणून तुम्हाला असं वाटतं."

"मला काय वाटतं ते..."

"वीस आयांनी हो म्हटलंय. तुम्ही एकट्याच."

घरी नवरा म्हणाला, "एक नाच आहे गं. मोठी झाली की विसरून जाईल."

"आणि जे विसरणार नाही त्याचं काय?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. टीव्हीवर तेच गाणं चालू होतं.

शुक्रवारी ड्रेस घरी आला. सोनेरी टिकल्यांचा घागरा, मांडीपर्यंतच. वरचा ब्लाउज म्हणजे रुमालाच्या दोन घड्या. शनिवारी बॉबिन शाळेत असताना मी वर्तमानपत्रं खाली ठेवली, मशीनला तेल दिलं आणि आईच्या कपाटातलं लाल अस्तर काढलं. ब्लाउज कमरेपर्यंत आणला, घागऱ्याला वीतभर पट्टी जोडली. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच मशीनला बसले होते. टीप सरळ आली. आईला आवडली असती, असंही मनात आलं.

बॉबिन आली. तिनं ड्रेस उचलला.

"हे काय केलंस?"

"थोडा लांब केला."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? आई आहे मी तुझी."

"मॅडमनीपण नाही विचारलं. त्या कापतात, तू जोडतेस." तिचा आवाज चिरकला. "आजीनं आधी विचारलं असतं."

ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. मी दाराला तोंड लावून बोलत राहिले. जाहिराती, ती गाणी, लोकांच्या नजरा. ऐकताना माझं मलाच कंटाळवाणं वाटत होतं, पण थांबता येत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "आजीला आवडलं असतं का हे गाणं?"

"आजी नाचली होती त्यावर! माझ्याबरोबर! मशीनवर बसून, खांदे उडवत!"

माझ्याबरोबर आई कधी नाचली नव्हती. का, ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

मी टेबलाशी बसून टीप उसवायला घेतली. शिवायला तासभर लागला होता, उसवायला दीड लागला. कधीतरी कडी वाजली. बॉबिन डोळे पुसत समोर उभी राहिली. मी आईचा खडूचा डबा उघडला.

"कुठवर? बोट ठेव."

तिला आधी विश्वासच बसेना. "मग तू काही बोलणार नाहीस?"

"नाही."

"चेहऱ्यानं?"

"प्रयत्न करते."

ड्रेस घालून ती आरशासमोर स्टुलावर चढली. ब्लाउजचं बोट तिनं बेंबीच्या खाली ठेवलं. "नाचताना सारखा वर जातो. मग मी एका हातानं ओढत बसते, नि मॅडम ओरडतात." घागऱ्याचं बोट गुडघ्याच्या चांगलं वर थांबलं. माझ्या मनातल्या जागेपेक्षा चार बोटं वर. मी खूण केली.

"चेहरा," ती म्हणाली.

मी खाली बघितलं.

"आणि ती डोळा मारायची स्टेप मी करणार नाहीये. मारायचा कुणाला? समोर सगळ्यांचे बाबा बसलेले असतात."

"मी सांगते मॅडमना."

"तू नको. तू भाषण देतेस."

त्या रात्री मी लाल अस्तर पुन्हा जोडलं, तिच्या खुणांपर्यंतच. सोमवारी तिनंच मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिला पहिल्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत टाकलं. ती संध्याकाळी उशीत तोंड खुपसून रडली. मॅडमकडे जायला मी चपला घातल्या तेव्हा उठून दारात आडवी उभी राहिली. "गेलीस तर मी नाचणारच नाही." मी चपला काढल्या. इतका राग मला क्वचितच गिळावा लागला असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ती ओळ आली, पुढच्या मुलींनी डोळा मारला आणि मागून कुणीतरी शिटी वाजवली. लोक हसले. मी हसणाऱ्या एकेका तोंडाकडे वळून पाहिलं. कुणालाही काही वाटलेलं दिसत नव्हतं. नवरा मोबाईल उंच धरून कुजबुजला, "कुठंय ती? मला दिसतच नाहीये."

मग पुढच्या दोघी बाजूला सरकल्या आणि फटीतून लाल अस्तर दिसलं. बॉबिन गिरकी घेत होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि खांदे उडत होते. आपल्या आजीसारखे, बहुतेक. मी ते कधी पाहिले नव्हते.