पुन्हा गोठलेली कुपी

मी एक जुनी कुपी आहे. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची, निळ्या झाकणाची. राहुरी तालुक्यातल्या एका कॉलेजच्या फ्रीजरमध्ये माझा मुक्काम असतो. आज माझं पोट रिकामं आहे. पण मित्रांनो, एकोणीसशे शहाण्णव साली माझ्या पोटात जे होतं, त्यावर एका मुलीची चार वर्षांची मेहनत अवलंबून होती.

त्याचं नाव युबिक्विटिन अल्डिहाइड. नावाला घाबरू नका. सजीवांच्या पेशीत काही प्रथिनं निकामी होतात. त्यांना युबिक्विटिन नावाची एक लहानशी चिठ्ठी चिकटते, आणि मग पेशी त्यांना मोडीत काढते. काही विकरं, म्हणजे एन्झाइम, मात्र ही चिठ्ठी सोडवून टाकतात. परदेशातल्या रसायनकारांनी त्या चिठ्ठीचंच शेपूट जरासं बदलून माझ्यातलं द्रव्य घडवलं. विकर त्याला चिठ्ठी समजून धरतं आणि तिथंच अडकून बसतं. त्याचं काम थांबलं, की ते एरवी काय करत होतं हे कळतं.

यशोधरा पीएच.डी. करत होती. पाणी तुटलं की ज्वारीचे कोंब आपली प्रथिनं कशी राखतात, हे तिला शोधायचं होतं. तिनं त्या रसायनकारांना पत्र लिहिलं, तेव्हा आम्ही तीन बहिणी थर्माकोलच्या डब्यात बर्फात बसून आलो. पुण्यापासून तिनं तो डबा एसटीत मांडीवर धरला होता.

प्रयोगशाळेचे शिपाई सहादेवमामा गळ्यात तुळशीची माळ घालत, आणि झाडू मारतानाही अभंग गुणगुणत.

"ताई, एवढुशा बाटलीला एवढी थंडी? मानूस असता तर न्युमोनिया झाला असता!"

"मामा, ही वितळली तर वाया जाईल. हिनं त्या विकराचं तोंड बंद करायचं आणि मग पेशीत काय होतं ते बघायचं."

"म्हंजी सासूचं तोंड बांधायचं, आन् घर कसं चालतंय ते बघायचं!"

यशोधरा खूप हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं.

माझ्या दोघी बहिणी कामी आल्या. दोन्ही वेळा ज्वारीच्या कोंबांच्या रसात चिठ्ठ्या साचल्या. विकर थांबलं होतं, तिचा अंदाज खरा निघाला होता. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तिसऱ्यांदा हेच आलं, तरच प्रबंधात घालायचं." तिसरी मी.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह होता. शनिवारी विजेचा दाब खाली-वर होऊन माइकचा ॲम्प्लिफायर जळाला. रविवारी काल्याचं कीर्तन; दुसरा ॲम्प्लिफायर उसना आणला, पण तोही जळायची भीती. गावात चांगला स्टॅबिलायझर एकच होता, आमच्या फ्रीजरचा. सकाळी मामांनी तो काढला. नुसत्या विजेवर फ्रीजर जळेल, म्हणून त्याचीही पिन काढली. "दोन घंट्यांचा तर सवाल हाय," असं स्वतःशीच म्हणाले. मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. खिडकीतून कीर्तन माझ्यापर्यंत येत होतं. टाळ वाजत होते, बुवांचा आवाज साऱ्या शिवारावर पसरला होता. इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकता ऐकता मी वितळत होते.

कीर्तन लांबलं. मग काला वाटला, पंगती उठल्या. मामा आले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी सगळं पुन्हा जोडलं आणि मला उजेडात धरून पाहिलं. मी पुन्हा गोठले. वरून जशीच्या तशी.

सोमवारी यशोधरानं मला वापरलं. चिठ्ठ्या साचल्या नाहीत. जणू रसात काही घातलंच नव्हतं. पहिले दोन निकालच चुकले असणार, असं तिला वाटलं. नव्या कुप्या मागवायला वेळ उरला नव्हता. महिनाभर तिनं वह्या उलथ्यापालथ्या केल्या, स्वतःला दोष दिला, आणि शेवटी ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. मामा रोज तिच्या टेबलावर चहा ठेवत आणि मान खाली घालून निघून जात.

प्रबंध देऊन ती किल्ल्या परत करायला आली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "ताई, त्या दिशी... फ्रीजर मी बंद केल्ता. कीर्तनापायी."

तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"मामा, तुम्ही कीर्तनाला गेलात, त्याचा राग नाही. पण महिनाभर मला रोज चहा दिलात. त्यातल्या एका दिवशी सांगायचं होतं."

"तोंड उघडंना, ताई."

ती गेली. पुढं पुणतांब्याच्या शाळेत शिकवू लागली. ज्वारीचं ते काम कुणी पुन्हा हाती घेतलं नाही.

मी रिकामी झाले त्या सोमवारीच मामांनी मला कचऱ्यातून उचलून ठेवलं होतं. ती गेल्यावर त्यांनी एका वाटीत पाणी घालून त्याचा बर्फ केला, माळेतला एक मणी ओढून काढला आणि बर्फावर ठेवला. बर्फ वितळून पुन्हा गोठला, तर मणी आत अडकेल आणि सगळ्यांना दिसेल. रोज सकाळी ते दार उघडून पाहतात. मणी वर सुटाच असतो. फ्रीजरमध्ये आता राखण्यासारखं काही नाही. मी आहे, तीही रिकामी.

मित्रांनो, माझ्यासारख्या नाजूक वस्तू जपाच. पण हातून चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.