पाठीमागचा ओटा

महांतेश बिराजदारनं सवयीनं खडू उचलला आणि जीभ चावून परत ठेवून दिला. आज फळ्यावर काही लिहायचं नव्हतं. लिहिलं की पद्धत मोडली. आणि पद्धत बघायलाच तर शेवटच्या बाकावर, पोरांच्या मापानं केलेल्या त्या अरुंद बाकात गुडघे कसेबसे कोंबून, प्राचार्य बसले होते. शेजारी विभागप्रमुख वाघमोडे सर. वाघमोडे सरांच्या तोंडावर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या मामाचा भाव होता: पसंत पडली तर मीच सुचवली होती, नाही पडली तर मी आधीच म्हणत होतो.

पद्धतीचं नाव फ्लिप्ड क्लासरूम. नाव मोठं, काम एवढंच की सरांनी शिकवायचं ते घरी रेकॉर्ड करून पाठवायचं, पोरांनी ते आपापल्या घरी बघायचं आणि वर्गात येऊन गृहपाठ करायचा. यात सर फुकटचा पगार घेतात असं कॉलेजातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्यांचं मत, पोरं फुकटची हजेरी घेतात. ही पद्धत साऱ्या विभागांना लावायची की इथंच गुंडाळायची, ते आजच्या तासावर ठरणार होतं. लावली तर तिचा प्रमुख महांतेश. गुंडाळली तर महांतेश परत खडूवर, आणि स्टाफरूममध्ये जन्मभर "काय व्हिडिओवाले!" अशी हाक.

"काल काय पाहिलंत?" त्यानं विचारलं. तासाचा पहिला प्रश्न हाच असे.

व्हिडिओ तो जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये करायचा. कॉलेजातून आलं की दिवेलागणीला, पुस्तकांच्या गठ्ठ्याला मोबाईल टेकवून. वर टाय आणि लग्नातला काळा कोट, खाली घरातली हाफ चड्डी. कॅमेऱ्याला निम्मेच सर लागत होते. कोट एरवी खुर्चीच्या पाठीवरच असे, हे काम सोडून त्याला दुसरं काम उरलं नव्हतं. बायको ऋतुजा कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला. ती शनिवारी यायची आणि रविवारी स्वयंपाकघर स्वतःच्या ताब्यात घ्यायची. बाकीचे दिवस घरात तो आणि त्याची आई, चंद्रव्वा.

खुर्चीच्या बरोब्बर मागं स्वयंपाकघराचा ओटा. मधे दार नाही. म्हणून आईला त्यानं नियम घालून दिले होते: रेकॉर्डिंग चालू असताना कुकर नाही, मिक्सर नाही, हाक नाही. सुरुवातीला तिच्याकडून हाक गेली. अख्खा व्हिडिओ पुन्हा करावा लागला, आणि त्यानं जी आदळआपट केली ती शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू गेली. तेव्हापासून चंद्रव्वा मांजराच्या पावलानं वावरायला शिकली. मधेच चहा आणायची, त्याच्या खांद्याला हलकेच हात लावायची आणि बशीचा आवाजही न करता कप कोपराशी ठेवून जायची. त्या हातानं महांतेशला दिवसभराचा शीण उतरल्यासारखा वाटे. स्वयंपाकघरातला दिवासुद्धा ती लावत नसे. याचं तर त्याला फारच कौतुक.

"आमची अव्वा अंधारात फोडणी देते," तो स्टाफरूममध्ये सांगायचा. "वीजबिल बघून मीटर वाचणारा माणूस परत चौकशीला येतो. आहे तुमच्याकडं असं कोणी?"

नव्हतं कोणाकडं.

कालचा व्हिडिओ टाकीतल्या पाण्याची पातळी मोजण्यावर होता. काही सेन्सर द्रवाला स्पर्श करून पातळी सांगतात, काही लांबूनच, प्रकाशानं किंवा आवाजानं. आजचं काम सोपं होतं: घरात दिसणारं एक उदाहरण शोधा, त्याचे फायदे-तोटे सांगा.

पहिल्या गटानं गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा सांगितला.

"तोटा?" महांतेशनं विचारलं.

"तोटा असा सर, की सोलापुरात पाणी येतं त्या दिवशी तो कामावर. बाकीचे दिवस सुट्टीवर."

प्राचार्य हसले. ते हसलेले बघून वाघमोडे सरही हसले, थोडे जास्त. महांतेशनं मनातल्या मनात एक रक्कम जमेला टाकली.

मग अजिनाथ उठला. अजिनाथ वळसंगचा, रोज एसटीनं यायचा आणि उशिराचं खापर रोज एसटीवरच फोडायचा. त्याच्या गटात धम्मप्रिया होती, सगळ्यांत हुशार. बोलायला तीच उठेल असं महांतेशनं धरलं होतं. पण ती मान खाली घालून वहीच्या समासात रेघा ओढत बसली होती.

"सर, आमचं उदाहरण व्हिडिओतलंच हाय." प्राचार्यांकडं नजर जाताच त्यानं सुधारलं, "आहे."

"व्हिडिओत मी गोळाच दाखवला होता की रे."

"तुमच्या पुढं न्हाय सर. तुमच्या मागं."

वर्गात खसखस पिकली. ज्यांना ठाऊक होतं ते हसले, आणि जवळजवळ सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"हॉस्टेलवर सगळ्यांनी बघितलंय सर, थांबवून थांबवून," अजिनाथ म्हणाला, आणि परवानगी न विचारता त्यानं तोच खडू उचलला. फळ्यावर कप काढला, कपाच्या काठावरून आत वळलेलं बोट काढलं. "आज्जी चहा गाळतात ना, तवा बोट असं आत सोडतात. चहा बोटाला टेकला की ओतायचं बंद. म्हंजे स्पर्श करून पातळी मोजणं. एकदा बी कप सांडलेला न्हाय सर. आमी सगळे व्हिडिओ तपासले."

महांतेश हसला. प्राचार्य हसत होते, म्हणून आधी हसला आणि मग ऐकलं.

"आणि फायदे?" वाघमोडे सरांनी मागून विचारलं.

"फायदे लई हायत. खर्च न्हाय. बॅटरी न्हाय. आन् मेन म्हंजे, उजेड लागत न्हाय." अजिनाथला आता सूर सापडला होता. "प्रकाशावर चालणारा सेन्सर अंधारात काय करणार सर? हे अंधारात बी चालतंय. आज्जी तर दिवा लावतच न्हाईत. गरजच न्हाय की त्यांना."

"तोटा?"

तो यासाठीच थांबला होता. "तोटा एकच सर. सेन्सरला चटका बसतो."

वर्गात हशा फुटला. कोणी बाकावर थाप मारली. महांतेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं, दुकान बंद झाल्यावर पाटीवरचा दिवा राहावा तसं. त्याच्या डाव्या हाताची मूठ उजव्या हाताच्या तर्जनीवर आवळली गेली होती. रविवारी ऋतुजानं सासूचा हात उजेडात धरून विचारलं होतं, बोटाच्या टोकाला हे पांढरं पांढरं काय? भाकरी उलथताना लागलं, चंद्रव्वा म्हणाली होती. आणि पेपर तपासता तपासता, मान वर न करता, महांतेश म्हणाला होता, "उलथनं वापर की. विकत कशाला आणलंय?"

"बिराजदार!" प्राचार्य बाकातून सुटून उभे राहिले. "हे मागचं तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं? मुलं शोधतात का ते बघायला?"

साठ-सत्तर तोंडं त्याच्याकडं वळली. धम्मप्रियानंही मान वर केली.

"हो सर," महांतेश म्हणाला.

आपल्या खात्यात चुकून आलेलं कोण लगेच परत करतं? टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी जवळ येऊन हात हातात घेतला. "शिकवणं घरात नेलंत आणि घर शिकवण्यात आणलंत," ते म्हणाले. "सोमवारपासून सगळे विभाग. वाघमोडे, पत्र काढा."

"मी म्हणतच होतो सर," वाघमोडे सर म्हणाले.

वर्ग रिकामा झाला तरी महांतेश टेबलाला टेकून उभाच होता. फळ्यावरचा कप पुसायला त्यानं डस्टर घेतलं होतं, ते हातातच होतं. दाराशी धम्मप्रिया घुटमळत होती.

"सर, मी यांना म्हटलं होतं, हे उदाहरण नको."

"का?"

"तुम्ही मुद्दाम नव्हतं ना ठेवलं?"

त्यानं डस्टर या हातातून त्या हातात घेतलं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आमच्या आज्जीनं पण असंच चालू केलेलं, सर. कपात बोट. आम्हाला वाटलं सवय असेल. आम्ही पण हसायचो." मग घाईघाईनं, चुकीचा आकडा सुधारावा तसं, ती म्हणाली, "तुमच्या पहिल्या व्हिडिओत ते बोट नाहीये, सर. नंतर आलंय."

ती गेली. डस्टर त्यानं तसंच खाली ठेवलं.

स्टाफरूममध्ये कोणीतरी पेढे मागवले होते. एक पेढा त्याच्या हातावर आला, तो त्यानं कागदावर ठेवला आणि कोपऱ्यात खुर्ची वळवून बसला. मोबाईल काढला, आवाज पूर्ण बंद केला आणि पहिला व्हिडिओ लावला. सत्रभर त्यानं हे व्हिडिओ कितीदा पाहिले होते: टाय सरळ आहे का, शब्द अडखळलाय का. त्या प्रत्येक वेळी त्यानं स्वतःलाच पाहिलं होतं. आता त्यानं अंगठा पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडावर धरला आणि त्याच्या वरचा, खांद्यापलीकडचा तेवढा तुकडा बघायला लागला.

पहिल्या व्हिडिओत ओट्यावरचा दिवा लागलेला होता. चंद्रव्वा कपात बघून चहा ओतत होती.

पुढच्या एकात ती कप तोंडापाशी नेऊन, दिव्याकडं धरून, आत बघत होती. बराच वेळ. मग एकात दिवा नव्हता. हॉलच्या ट्यूबलाईटचा जेवढा उजेड मागं सांडत होता तेवढ्यात एक हात ओट्याच्या कडेवरून सरकत होता. ओटा संपला की फ्रीज. फ्रीज संपला की खुर्चीची पाठ. आणि मग त्याचा खांदा.

त्यानं तेवढंच मागं नेऊन पुन्हा पाहिलं. माया नव्हती ती. म्हणजे, मायाही असेल. पण आधी हात खांदा शोधत होता, आणि खांद्यावरून कोपर, आणि कोपरावरून टेबल.

आणखी एक व्हिडिओ. ती त्याच्या पाठीशी येऊन थांबलेली. हात थोडा उचललेला, तोंड उघडलेलं. काहीतरी सांगायचं आहे आणि आज सांगायचंच आहे, असं. पुढं टायवाला महांतेश दोन्ही हातांनी हवेत टाकी काढून दाखवत होता, खूश होता. चंद्रव्वानं उघडलेलं तोंड मिटलं, स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं आणि ओट्याकडं परत गेली.

"काय हिरो!" वाघमोडे सरांनी मागून खांद्यावर हात ठेवला. महांतेश एवढ्या जोरात दचकला की पेढा खाली पडला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटभर त्यानं वाक्यं जुळवली होती. उद्याच डॉक्टरकडं जाऊ. तू सांगितलं का नाहीस. हे दुसरं वाक्य त्यानं रिक्षास्टँडपाशीच सोडून दिलं. त्याचं उत्तर मोबाईलमध्ये होतं. किल्लीनं दार उघडून तो आत आला. हॉलमध्ये खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता. खुर्चीच्या पाठीवर कोट.

"बंदी येन? आलास व्हय, महांतू?" आतून आवाज आला.

"हं."

"चहा टाकलाय बाळा. तू बस तुझं. कर सुरू."

तो बसला नाही. बूट न काढता स्वयंपाकघरापाशी गेला आणि फ्रीजच्या कडेला उभा राहिला. चंद्रव्वा ओट्यापाशी होती, हाताच्या अंतरावर. तिनं पातेलं चिमट्यात धरलं, मग थांबली आणि हॉलच्या दिशेनं, अगदी हळू, कुजबुजत विचारलं:

"लावलास का रे?"

'अव्वा' एवढंच म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तिला ठाऊक होता: व्हिडिओ लावला, आता हाक नाही. तिनं मान डोलावली आणि ओठ मिटून घेतले. गाळणी चाचपून कपावर ठेवली, बोट काठावरून आत सोडलं आणि ओतायला लागली. चहाची वाफ तिच्या तोंडावर आली. ती सरळ त्याच्याकडं बघत होती. बोटाला चहा टेकला तसा तिचा एक डोळा बारीक झाला, पातेलं थांबलं. बोट पदराला पुसलं. कप भरला होता, काठोकाठ नाही, कमी नाही.

ती निघाली. ओट्याची कड. महांतेश श्वास धरून भिंतीला चिकटला. तिचा हात त्याच्या शर्टाच्या बाहीजवळून फ्रीजवर गेला. फ्रीज संपला. खुर्चीची पाठ. मग कोटाचा खांदा.

तिथं हात थोडा वेळ थांबला. बशीचा आवाज न करता तिनं कप टेबलावर ठेवला, कोटाकडं बघून हसली, चालू दे तुझं अशी मान हलवली, आणि कड धरत धरत परत वळली.