बाजूला कोण उभं आहे

गौलीगुड्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाच्या दुकानावरचा मजला, खिडक्यांना गडद निळे पडदे, आणि दिवा एकच; तोही नेत्रानंदस्वामींच्या आसनावर सोडलेला, डोळे दिपतील असा. आत येणाऱ्याला दारातच चष्मा काढायला लावत. त्यामुळे जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली ती सगळी माणसं डोळे बारीक करून त्या एकाच उजेडाकडे बघत होती. कुणाला कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता.

स्वामींनी पुढच्या रांगेतल्या लक्ष्मणरावांना वर बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. त्यांच्या हातात गोळ्यांचं एक पाकीट देऊन मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. काहीच दिसत नाही, असं ते ओशाळून म्हणाले. मग स्वामींनी कमरेची तांब्याची चकती काढली. तिच्या मधोमध मोहरीएवढं भोक होतं. लक्ष्मणरावांचा एक डोळा झाकून, काहीतरी पुटपुटत स्वामींनी ती चकती त्यांच्या दुसऱ्या डोळ्यासमोर धरली आणि पाकीट दिव्याखाली सरकवलं. लक्ष्मणराव वाचू लागले. गोळीचं नाव, कंपनीचं नाव, गाव, महिना, वर्ष. हॉलभर एकच सुस्कारा उमटला. माझ्या पुढची बाई रडायला लागली.

"चष्मा क्या है? आंखां की बेडी है," स्वामी म्हणाले. "डॉक्टरां बेडी पहनाते, लेझरवाले आंख जलाते. मैं तो बस परदा हटाता."

पुढचं त्यांनी मराठीत सांगितलं, कारण समोर मराठवाड्याकडची बरीच मंडळी होती. प्रत्येक डोळ्यात एक ज्योत असते, काचेनं ती मंदावते, लेझरनं करपते. तांब्यातून सूर्याच्या सातव्या किरणाची लहर निघते आणि ज्योत जागी होते. हे परदेशात सिद्ध झालं आहे, असंही ते म्हणाले. कुठल्या देशात, ते सांगायचं राहून गेलं. जागी झालेली ज्योत टिकवायला मात्र रोज त्यांचं अंजनजल डोळ्यात घालावं लागतं.

माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध काळा गॉगल लावून माझ्या शेजारी बसला होता. आईनं त्याचा हात घट्ट धरला होता.

आमचं धम्मदीक्षा घेतलेलं घर. बुवा, अंगारे, गंडेदोरे यांना आमच्याकडे कधी थारा नव्हता. वडील गेल्यावर टपाल खात्यात नोकरी करून आईनं, इंदुताईंनी, आम्हाला शिकवलं. मी दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, प्रबुद्ध कुकटपल्लीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. तरी आम्ही तिथं जाऊन बसलो होतो, त्याला कारण झालं होतं.

प्रबुद्धचा नंबर लहानपणापासून मोठा. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे त्याला एक डाग दिसायचा. आंघोळ करून आला की तो आधी हातानं चाचपून चष्मा शोधायचा. नोकरी लागल्यावर त्यानं पहिला निर्णय घेतला तो लेझरचा. डॉक्टर मानसी पुण्याच्या, आता इथंच स्थायिक झालेल्या. त्यांनी तपासून सांगितलं की त्याच्या बुबुळाचा पडदा पातळ आहे, म्हणून वरचा थर काढून लेझर मारावं लागेल. पद्धत सुरक्षित आहे, पण नजर हळूहळू स्थिरावेल, काही महिनेही लागतील. तो मान हलवत राहिला. दवाखान्याच्या भिंतीवर एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, आज लेझर, उद्या चष्म्याला निरोप. त्यानं डॉक्टरांचं ऐकलं, पण विश्वास ठेवला त्या चित्रावर.

ऑपरेशन काही मिनिटांत झालं. करपल्यासारखा वास आला, एवढंच त्याला आठवत होतं. त्यानंतरचे दिवस मात्र वाईट गेले. डोळ्यांत कुणी वाळू टाकून चोळतंय असं त्याला वाटायचं. मोबाईलचा उजेडही सोसवत नसे. दुखणं थांबलं तरी सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसे, आणि सकाळी बरं वाटलेलं संध्याकाळी पुन्हा बिघडे. त्याच्या ऑफिसातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसायला लागलं होतं. त्याची पद्धत वेगळी होती, हे प्रबुद्धला पटेना. एका दुपारी तो पडदे ओढलेल्या खोलीत बसून म्हणाला, "ताई, मी डोळे घालवून बसलो गं."

ते आईनं ऐकलं. शेजारच्या सखूमावशी स्वामींकडून बरेच दिवस औषध आणत होत्या. त्यांचे खाजणारे, लाल डोळे त्यानं निवले होते. त्यांनीच आग्रह धरला. मी आईला विरोध केला, तेव्हा ती म्हणाली, "मी काही देव मानायला चालले नाही, निशी. औषध घ्यायला चाललेय."

स्वामींनी प्रबुद्धच्या डोळ्यांत टॉर्च मारली, च्च् च्च् केलं, आणि अंजनजलाची एक बिनलेबलची निळी बाटली दिली. दोन पथ्यं सांगितली. डॉक्टरांचं औषध फेकून द्यायचं. आणि डोळा कुठल्याही मशीनला दाखवायचा नाही, कारण मशीनचा उजेड पडला की ज्योत विझते आणि मग ती कुणालाच पेटवता येत नाही.

घरी आल्यावर मी चकतीचं गुपित आईला सांगितलं. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून तिला चष्म्याशिवाय पेपर वाचायला लावला. तिनं वाचला. पण तिचं म्हणणं एकच होतं, थेंबांनी गुण आला तर तुझ्या भोकाचं मला काय करायचं?

आणि थेंबांनी गुण आला. चार-पाच दिवसांत डोळ्यांची लाली गेली. जळजळ थांबली. धुकं विरत गेलं आणि प्रबुद्ध लांबून बसची पाटी वाचायला लागला. तो पुन्हा हसायला लागला, कामावर गेला. भोक मी समजावू शकत होते, हे मला समजावता येईना. तपासणीला चल, असं मी म्हटलं की आई मधे पडायची. दवाखान्याचे फोन आले तेही त्यानं घेतले नाहीत. मीही हट्ट सोडला.

पावसाळा गेला, थंडी आली. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, असं तो कधीमधी सांगे. स्वामींनी त्याला तेजोवलय म्हटलं आणि थेंब वाढवले. संध्याकाळी त्याच्या भुवया ठणकत. जेवताना पाण्याचा पेला हाताला लागून सांडे. दाराच्या चौकटीला खांदा घासे. एकदा ऑफिसातली स्वप्ना मला बाजारात भेटली आणि तक्रार करू लागली, की प्रबुद्धच्या बाजूला उभं राहून हात केला तरी तो ओळख देत नाही, फार भाव खातो. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लक्ष नसेल. समोरचं त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे शंका कुणाला येणार?

एका रविवारी आम्ही दिलसुखनगरला रस्ता ओलांडायला उभे होतो. उजवीकडून बस येत होती. वळणावरून अचानक आलेली नाही, सरळ रस्त्यानं, हॉर्न वाजवत. प्रबुद्ध शांतपणे फूटपाथवरून खाली उतरला. मी त्याची कॉलर धरून मागं ओढलं. बसचा वारा आमच्या तोंडावर आला.

"कुठून आली ही?" त्यानं विचारलं. हॉर्न त्याला ऐकू आला होता. बस कुठं आहे, तेच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि आईला घेऊन डॉक्टर मानसींकडे गेले. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजला आणि पुन्हा एकदा मोजला. मग त्याला एका यंत्रापुढे बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठं उजेडाचा कण चमकला की बटण दाबायचं. प्रबुद्ध बटणावर अंगठा ठेवून बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मॅडम, मशीन चालू झालं का?"

ते केव्हाच चालू झालं होतं. मी मागे उभी होते. एकामागून एक ठिपके चमकून विझताना मला दिसत होते. त्याचा अंगठा हलत नव्हता.

"डोळ्यात काय घालतोयस?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं पर्समधून निळी बाटली काढून टेबलावर ठेवली.

प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो आम्हाला समोर बसवून समजावला. बाटलीत स्टेरॉइड होतं, चांगलंच जोरकस. लेझरनंतर सूज उतरायला, डाग न पडायला त्यांनी स्वतःही त्याच जातीचं औषध दिलं होतं. आम्ही फेकून दिलं ते. फरक एवढाच की त्यांचं औषध मोजून होतं, कमी करत बंद करायचं होतं, आणि मधे मधे दाब तपासायचा होता. कारण काही जणांच्या डोळ्यात या औषधानं आतला दाब वाढत जातो. सावकाश वाढला तर दुखतही नाही फारसं. दाब मेंदूकडे जाणारी नस कडेकडेनं मारत येतो, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. माणसाला वाटतं, मला दिसतंय.

"धुकं तर कमी झालं होतं," आई कशीबशी म्हणाली.

"जखम त्याच्या शरीरानं भरली, इंदुताई. थोडी मदत या औषधानं केली. श्रेय स्वामींनी घेतलं."

प्रबुद्धनं विचारलं, गेलेली नजर परत येईल का. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून सांगितलं, "गेलेली येत नाही. उरलेली राखू."

आम्ही रिक्षानं परत आलो. घर आल्यावर आई म्हणाली, "सखू दोन वर्षं घालतेय हे."

सखूमावशी दवाखान्यात यायला तयार होईनात. मशीनला डोळा दाखवला तर ज्योत जाईल, ही भीती त्यांच्या मनात पक्की बसली होती. शेवटी प्रबुद्ध म्हणाला, मग मीच तुमच्याबरोबर स्वामींकडे येतो.

आम्ही सखूमावशींबरोबर गेलो त्या दिवशी हॉलमध्ये नेहमीसारखीच गर्दी होती. स्वामींनी एका बाईंना वर बोलावलं, चकती धरली, बाईंनी वाचलं. सुस्कारा विरायच्या आत मी पुढे गेले आणि टाचणीनं भोक पाडलेला पुठ्ठा त्या बाईंच्या हातात दिला. यातून वाचा, म्हटलं. त्यांनी तीच ओळ वाचली. मी जमलेल्यांना सांगितलं की धूसर डोळ्यात किरण पसरतात, बारीक भोक फक्त सरळ येणारे किरण आत सोडतं, म्हणून अक्षर स्पष्ट होतं. भोकातून उजेड कमी येतो, म्हणून स्वामींना एवढा मोठा दिवा लागतो. यात तांब्याचं काही काम नाही.

स्वामी हसले. "ताईंच्या हाताला पण गुण है," ते म्हणाले. लोक हसले, सैलावले. मला कळून चुकलं की माझं शास्त्र इथं वाया चाललंय.

तेवढ्यात प्रबुद्ध उठून दिव्याखाली आला. त्यानं आईला आपल्या डाव्या बाजूला उभं केलं आणि स्वतः समोर बघत राहिला.

"मी यांचे थेंब सात-आठ महिने घातले," तो म्हणाला. "समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी इथून वाचतो. माझी आई माझ्या शेजारी उभी आहे. ती हात हलवत असेल. मला ती दिसत नाही."

आई खरोखरच हात हलवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

स्वामी म्हणाले, मुलानं पथ्य मोडलं, मशीन दाखवलं. पण प्रबुद्ध त्यांच्याशी बोलतच नव्हता. त्यानं लोकांना सांगितलं, एकेक डोळा झाका, सरळ बघा, शेजाऱ्याला बाजूनं बोटं दाखवायला सांगा. डॉक्टरांनी त्याला शिकवलेली ही साधी चाचणी. लोक आधी घुटमळले, मग जोड्या करून बघू लागले. बहुतेकांना बोटं दिसली आणि ते सुटल्यासारखे हसले. काहीजण हसले नाहीत.

मी सखूमावशींच्या बाजूला गेले. त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला होता. मी डावीकडून बोटं नाचवली, जवळ आणली, आणखी जवळ आणली, पार कानशिलापासून गालापर्यंत. त्या समोर बघत वाट पाहत राहिल्या.

"निशी," त्या शेवटी म्हणाल्या, "दाखव ना गं. अजून आलीच नाहीस का?"

मग मागून कुणीतरी पडदा बाजूला ओढला आणि दिवसाचा उजेड आत आला.

आम्ही औषध नियंत्रण विभागाकडे आणि पोलिसांत तक्रार केली. हॉलला कुलूप लागलं, स्वामी त्याआधीच निघून गेले होते. कुणी सांगतं निझामाबादकडे आहेत, कुणी सांगतं नाव बदललंय. ते औषध कुठं मिळेल, असं विचारणारे लोक अजून आमच्या दारापर्यंत येतात. सखूमावशींचा डावा डोळा जवळजवळ गेला, उजवा ऑपरेशननं वाचला. प्रबुद्ध रोज दाबाचे थेंब घालतो, आयुष्यभर घालावे लागतील. मोटारसायकल त्यानं विकून टाकली.

मी आता वर्गात भिंग शिकवताना मुलांकडून पुठ्ठ्याला भोक पाडून घेते. चष्मेवाली मुलं त्यातून बघून चकित होतात. ती चकित झाली की मी त्यांना सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगते. गुण येणं म्हणजे खरं असणं नव्हे; कशानं गुण आला ते विचारा. डोळ्यात पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचं नाव विचारा. बरं व्हायला वेळ लागेल असं कुणी सांगितलं तर तो वेळ द्या, भिंतीवरचं चित्र काहीही म्हणो. आणि एखादा माणूस तुम्हाला दुसरीकडे तपासून घेऊ नका म्हणाला, तर त्याच दिवशी जाऊन तपासून घ्या.