हिरव्या फेट्याचे अकरा सेकंद

विंझरच्या वरातीत गेनबाच्या डोक्यात पहार बसली, तेव्हा माझा भाऊ आसिफ कॅमेरा घेऊन दहा पावलांवर होता. भांडण सुरू होताच त्याने कॅमेरा नवरदेवाकडे वळवला. लग्नाच्या शूटिंगमध्ये मारामारी घ्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. गेनबा जागीच गेला. शर्ट रक्ताने भरलेल्या भिमाला पोलिसांनी उचललं.

पाचव्या दिवशी भिमाची आई चंद्राबाई नसरापूरला आमच्या स्टुडिओत येऊन बसली.

"पोरी, माजा भिमा कुनाला मारनार न्हाई. तुज्याकडं काय असंल ते दाव."

माझ्याकडे चित्रीकरणाचे दोन तुकडे होते. आसिफच्या कॅमेऱ्याचा सातशे वीस बाय पाचशे शहात्तर पिक्सेलचा. चेहरे स्वच्छ, पण घाव नाही. दुसरा एका पाहुण्याच्या मोबाईलचा, फक्त एकशे शहात्तर बाय एकशे चव्वेचाळीस. नवरदेवाचा मामा मानसिंग याने 'माजा नाच सीडीत घाला' म्हणून स्वतःच त्या मोबाईलचं मेमरी कार्ड पाठवलं होतं. नाच संपल्यावरही त्या पाहुण्याने मोबाईल बंद केला नव्हता. शेवटच्या अकरा सेकंदांत घाव होता, पण चित्र मोठं केलं की चेहऱ्याचे चार चौकोन उरत. रंग मात्र टिकत होता. पहार उचलणाऱ्याचा फेटा हिरवा होता.

आसिफच्या तुकड्यात सगळ्यांचे फेटे भगवे होते. हिरवा एकच, मामाच्या मानाचा.

दोन्हींत एकच सुतळी बॉम्ब फुटला होता. त्या आवाजावर मी तुकडे जुळवले, लहान चित्र न ताणता काळ्या चौकटीत ठेवलं आणि सलग फाईल बनायला लावली. बत्तीस टक्के झाले तेव्हा लोडशेडिंग सुरू झालं. पंखा थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला.

दारात मानसिंग दिसला तशी मी कॉम्प्युटरच्या पडद्याचं बटण बंद केलं.

"कॅसेट आन् कार्ड."

"लाईट नाही, मामा."

"कॅसेट काय लाईटवर जळती व्हय?"

त्याने चंद्राबाई बसली होती त्या बाकाला लाथ मारली. ती काउंटरवर आपटली, कपाळ फुटलं. त्याने काउंटरवरच्या कॅसेटमधली फीत ओढून लायटर लावला. कार्ड दातांखाली मोडून थुंकलं.

"कम्प्युटरात बी ऱ्हातंय म्हनं."

"लाईट गेली की पुसलं जातं," मी म्हणाले.

त्याने थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात बॅटरी उतरत आलेला इन्व्हर्टर पिपपिपायला लागला. चंद्राबाईने लगेच गळा काढला, छाती बडवत, गल्ली भरेल एवढ्या मोठ्यांदा. पिपपिप त्यात बुडून गेली. ती माझ्याकडे बघत होती, मानसिंगकडे नाही.

"पुन्यांदा असलं करू नगंस म्हनून," म्हणत त्याने मला दाराशी ओढलं, माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि शटर खाली आणलं. दोन बोटांची हाडं मोडलेली मला ऐकू आली.

तो गेल्यावर मी डाव्या हाताने कॉम्प्युटरचा पडदा चालू केला. फाईल तयार होती. चंद्राबाई कपाळावर पदर दाबून बघत होती. बॉम्ब फुटला, चित्र लहान झालं, हिरवा फेटा वर गेला, पहार दोनदा खाली आली. मग बोडक्या डोक्याचा एक जण खाली बसला आणि त्याने पडलेल्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"ह्यो माजा भिमा."

"चेहरा नाही दिसत, आत्या."

"बसन्यावरनं कळतंय. ल्हानपनापासनं एक गुडगा वर."

सीडी लिहायला चार मिनिटं लागली. ती बाहेर आली आणि लगेच कॉम्प्युटर बंद पडला. तिने पदराची पट्टी फाडून माझी बोटं बांधली.

"आदी दवाखाना," ती म्हणाली.

"आधी ठाणं," मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.